गॅलरीतला नियम

कल्पना करा बाळांनो, तुम्ही विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीत बसला आहात. तिथे बोलायचं नाही, टाळी तर मुळीच वाजवायची नाही. तुमच्या पुढच्याच रांगेत छोटी ठमी बसली आहे. खाली सभागृहात तिच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेचा प्रश्न निघाला होता आणि शेजारी बसलेली आई तिला सगळं खुणांनी सांगत होती.

"खुणांची भाषा शिकवणाऱ्या बाई कधी देणार?" आमदार ताईंनी विचारलं.

"विचार चालू आहे," मंत्री म्हणाले.

"विचाराला आता दाढीमिशा फुटल्या, साहेब! वार सांगा."

मंत्र्यांनाही हसू आवरेना. "बरं ताई, सोमवारी बाई वर्गात!"

ठमीने दोन्ही हात उंच करून बोटं झुळझुळ हलवली. तिच्या शाळेत टाळी अशीच वाजवतात. मंत्र्यांनी वर बघून हात हलवला, पण निरोप देतात तसा. ठमीने नकारार्थी मान हलवली आणि त्यांना टाळी पुन्हा, सावकाश, करून दाखवली.