चालू स्थितीतली स्कूटर

विजेच्या गाडीवर सरकारचं घसघशीत अनुदान होतं. अट एकच, जुनी पेट्रोलची गाडी चालू स्थितीत भंगारात द्यायची. मिरजेच्या अनुदान केंद्रात शिरीष गणपुल्यांनी स्कूटरला किक मारली, पुन्हा मारली. गावातली ती शेवटची पेट्रोलची गाडी नुसतीच खोकून गप्प झाली.

"बंद गाडीला अनुदान नाही मिळत, काका," तपासणीवरची मुलगी हळहळली.

ज्योत्स्नाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या.

फाटकाबाहेर आल्यावर गणपुल्यांनी, पेट्रोल उतरावं म्हणून, स्कूटर नेहमीसारखी तिरकी केली. लग्नानंतरच्या पहिल्या फेरफटक्यापासूनच्या सवयीने ज्योत्स्नाबाई पदर सावरत बाजूला झाल्या. एका किकमध्ये स्कूटर फुरफुरली.

"आत का नाही केलीत तिरकी?"

"विसरलो."

"मीसुद्धा," म्हणत त्या मागे बसल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.