वडकी ते पाटणबोरी, विरजणासह

मैनाबाईनं कोमट दुधात विरजण घातलं, गंजावर फडकं बांधलं आणि गंज मांडीवर घेऊन ती मागच्या सीटवर बसली.

"चाल," ती पोरीला म्हणाली. "शंभरनं."

सुरभीनं गाडी हायवेला घातली. गाडी परवाच घरी आली होती. उंचीनं ऐटबाज, लांबीनं बैलगाडीहून थोडी कमी. सोमवारी ती घेऊन सुरभीला नागपूरच्या नोकरीवर एकटीनं जायचं होतं. शोरूमवाल्यानं गाडीला सुरक्षेचे किती तारे मिळाले ते सांगितलं, मैनाबाईनं ऐकूनही घेतलं. पण एवढीशी गाडी शंभरवर हलते की नाही, हे दह्याशिवाय कोण सांगणार? हललेल्या दुधाचं दही लागत नाही. लागलं तर पोरगी गाडीनं जाईल. नाही लागलं तर एसटीनं, आणि गाडीत कोंबड्या बसतील.

वडकीहून पाटणबोरी, पुलाखालून वळून परत वडकी. दही लागेपर्यंत.

पुढच्या सीटवर सुरभीचे वडील, बापूजी, वेगाच्या काट्याकडे पाहत होते. त्यांनी जन्मात पन्नासच्या वर काही चालवलं नव्हतं, आणि पन्नासला त्यांच्या फटफटीनं सायलेन्सर मागं ठेवला होता. काटा शंभरवर गेला. बाहेर पऱ्हाटीची वावरं भराभर मागं पळत होती. आत बापूजींच्या टोपीचं टोकसुद्धा हलत नव्हतं.

"सुरभी," ते हळूच म्हणाले, "चालून राह्यली ना? का उभीच हाय?"

"माय, एसी लावू का वं?" सुरभीनं विचारलं. बाहेर त्रेचाळीस होतं.

"थंडीत दही लागते काय?"

करंजीपाशी कोळशाचा ट्रेलर आला. त्याच्या बाजूनं निघताना वाऱ्याची अशी थप्पड बसली की बापूजी सवयीनं दुसऱ्या अंगाला झुकले, बैलगाडी कलल्यावर झुकायचे तसे. गाडी त्यांच्यासाठी थांबली नाही. जराशी दबली, आपली आपण सावरली आणि सरळ निघाली. मागं मैनाबाईनं श्वास धरून ठेवला होता, तो तिनं पांढरकवड्याला सोडला.

तिसऱ्यांदा आल्यावर टोलनाक्यावरच्या माणसानं काच खाली करायला लावली.

"काका, काई हरपलं काय?"

"दही लागून राह्यलं," बापूजी म्हणाले.

त्या माणसानं गंजाकडे पाहिलं. मग पुढचा दांडा हातानं, अगदी हळू वर केला.

साडेबाराला मैनाबाई म्हणाली, "थांबव." गाडी बाभळीखाली उभी राहिली. तिनं फडकं सोडलं, आत पाहिलं.

"तुमी उतरा," ती बापूजींना म्हणाली.

"काहून?"

"उतरा म्हनलं ना. बसा खाली. टोपी काढा."

बापूजी मातीत बसले. मैनाबाईनं गंज त्यांच्या डोक्यावर नेला आणि उलटा केला.

सुरभीनं स्टिअरिंग सोडलं नव्हतं.

बापूजींनी मान तशीच ठेवून डोळे तेवढे वर केले. अडीचशे किलोमीटर फिरून आलेलं दही त्यांच्या टकलावर वीतभर उंचीवर उलटं थांबलं होतं. पांढरं, गुळगुळीत. सुरकुती म्हणून नाही.

हायवेवरून एक ट्रेलर धाडधाड गेला. जमीन हलली. बापूजी हलले. दही हललं नाही.

"शनवारी येत जाजो," मैनाबाई पोरीला म्हणाली.