सहवासाचा दाखला

ज्याच्याबरोबर संसार केला त्याच्याकडून लागलेल्या पडशांची आठवण प्लीहेतल्या पेशी वर्षानुवर्षे जपतात, हे सरकारला कळले, तेव्हापासून विधुरांना दर नोव्हेंबरात सहवासाचा दाखला आणावा लागे. त्याशिवाय बायकोचे पेन्शन चालू राहत नसे. माणसांच्या आठवणींवर सरकारचा विश्वास नव्हताच.

भालचंद्र उकिडवे यांच्या प्लीहेत सुई गेली. पेशी निमूटपणे एकेक करून लेझरसमोरून सरकल्या.

"काका, काकूंच्या नऊच सापडल्या. गेल्या वर्षी चाळीस होत्या," तपासणाऱ्या बाई म्हणाल्या.

"मग गेल्या कुठे?"

"मोजलेल्या बादलीत जातात. परत थोड्याच घालता येतात!"

"आत अजून असतील ना?"

"असतील चार-दोन. पुढच्या नोव्हेंबरात कळेल."

घरी उकिडव्यांना नवे पडसे द्यायलाही कोणी नव्हते. त्यांनी तपासणीतून कायमच्या सुटकेचा अर्ज मागितला.

"अहो, पेन्शन बंद होईल! आणि कारण काय लिहिणार?"

उकिडव्यांनी अर्जावरच्या बायकोच्या नावाखाली सुवाच्य अक्षरात लिहिले, 'सदर बाईंना मी ओळखत नाही.' मग डाव्या बरगडीखाली हात धरून, काठोकाठ भरलेले भांडे न्यावे तसे जपून ते जिना उतरले.