पांढऱ्याखालची रेघ

मशीनच्या ब्लेडने ‘दवाखाना’मधल्या ‘द’च्या पोटातून भलतीच रेघ ओढली आणि तिने झटकन बटण दाबलं. पाटीवर चिकटवायचा हातभर लाल रेडियम वाया गेला. कॉम्प्युटरवर तर अक्षर स्वच्छ दिसत होतं. तिने रंग बंद करून नुसत्या रेषा पाहिल्या. होतंच! ‘द’च्या खाली दुसरा एक वाकडा ‘द’ लपला होता आणि त्यावर पांढरा तुकडा डकवलेला होता. माणसाच्या डोळ्यांत अशी धूळ फेकता येते. ब्लेडला रंगाशी काही देणंघेणं नसतं, रेघ असली की ते कापतं.

महिन्याभरातली ही सहावी फाइल. पाठवणारा तोच, ईमेलचा पत्ता तोच, खाली नाव नाही. पालुपदही तेच: “मोठं काम द्यायचं आहे. आधी ही फाइल मशीनवर चालते का पाहा आणि कुठे चुकलं ते कळवा.” काम काही येत नव्हतं. सुरुवातीला तिने हौसेने पानपानभर उत्तरं लिहिली. मात्रा आणि वरची रेघ एकमेकींवर चढल्या आहेत, त्या जोडून एकच आकार करा, नाहीतर प्रत्येक मात्रा सुटी कापली जाईल. गिऱ्हाइकाशी बोलताना तिच्या जिभेवर साखर असायची. समोरून आभार यायचे आणि त्यांच्यामागून नवा प्रश्न.

मग तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बिघडलेली फाइल सरळ करण्यात साऱ्या बाजारात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे मशीन तिच्यापेक्षा मोठं होतं, पण त्याची अक्षरं उंदराने कुरतडल्यासारखी निघायची. हा गडी आपली विद्या फुकटात काढून घेतोय! तीही गेली की दुकानात उरलं काय? एक जुनं मशीन आणि नवऱ्याची शिडी.

पाचव्या पत्रात तर हद्द झाली. “तुमचं मशीन कागद डावीकडे ओढतं. मग मोठी अक्षरं आधी कापावीत की नंतर?” मशीनचं हे दुखणं बाहेरच्याला कसं कळलं? घरात माणसं तीन. एक ती. दुसरा नवरा, तो दिवसभर शिडीवर चढून पाट्या ठोकत असतो आणि दोन ओळी लिहायच्या म्हटल्या तर त्याला घाम फुटतो. तिसरे अण्णा, तिचे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी ब्रशने पाट्या रंगवल्या. कोपऱ्यावरचा दुकानदारसुद्धा ब्रश धरायला त्यांच्याकडेच शिकलेला. मशीन आलं, ब्रश डब्यात गेले आणि अण्णा येऊन उभे राहिले ते तिच्या खुर्चीमागे. दिवसातून दहादा ती म्हणायची, “अण्णा, उजेड अडवू नका हो.”

रोज दुपारी तीनला अण्णा पायात चपला सरकवून बाहेर पडत. पत्रं येत तीन ते चारच्या मध्ये. तिने दोन्ही वेळा ताडून पाहिल्या आणि तिचं काळीज चरकलं.

जेवताना तिने हे नवऱ्याच्या कानावर घातलं.

“अण्णा? तुझं डोकं फिरलंय का?”

“फिरू दे. पण आज खरं निघालं तर दुकानाची किल्ली त्यांच्याकडून काढून घ्यायची. कबूल?”

त्याने ताटातला भात चिवडला. म्हणाला, “कबूल.”

तीन वाजता चपला वाजल्या. ती मागोमाग निघाली. अण्णा कोपऱ्यापर्यंत गेले, चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं आणि थेट त्या दुकानात शिरले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाचं पथ्यपाणी, औषधं आपण वेळच्या वेळी सांभाळतो, तोच आपल्या पोटावर पाय देतो म्हणजे काय? चार वाक्यं मनात घोळवत तिने काचेचं दार ढकललं.

दुकानदार रेडियमच्या रोलांना टेकून घोरत होता. त्याच्या कॉम्प्युटरसमोर अण्णा पाठमोरे बसले होते. माउस धरून ते ‘श’ काढत होते. गाठ वाकडी झाली. त्यांनी ती पुसली नाही. जन्मभर ब्रशने करत आले तसं तिच्यावर पांढरं मारलं आणि त्याच्यावर पुन्हा नवी गाठ काढू लागले. शेजारी वही उघडी होती. तिने पाठवलेली सगळी उत्तरं त्यांनी पाटीवरच्यासारख्या टपोऱ्या अक्षरात उतरवून घेतली होती, आणि न कळलेल्या शब्दांभोवती तांबड्या शाईने गोल काढले होते.

मनात घोळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. तिला एकदम रडू आलं, आणि ते दिसू नये म्हणून ती चिडूनच बोलली.

“हे काय अण्णा? परक्याच्या दारात कशाला? मी काय मेले होते? घरात मला विचारायचं नाही का?”

अण्णा दचकून उठले. त्यांनी आधी वही मिटली, मग चष्मा काढला. रागावलेले मात्र अजिबात वाटले नाहीत.

“घरात तीनदा विचारलं, पोरी. गिऱ्हाईक झालो तेव्हा कुठे तू उत्तर दिलंस.”