नाक्यावरचा आंबेमोहर

“नाक्यावरचा शिपाई हा शेतकऱ्याच्या घासातला खडा आहे!” जयसिंगने टेबलावर मूठ आपटली आणि पेल्यातलं पाणी सांडलं.

टाळ्या पडल्या. मुळशीच्या धरणाकाठी, शाळेच्या इमारतीत, मुक्त अर्थविचारांची विद्यार्थी परिषद भरली होती. साल चौऱ्याहत्तर. तीन दिवस चाळीस मुलं सरकारला धारेवर धरत होती आणि सरकारला त्याचा पत्ताही नव्हता. परवाने नकोत, सरकारला सक्तीने धान्य घालायची लेव्ही नको, कोटा नको. जयसिंगचा विषय होता तालुक्याबाहेर तांदूळ नेण्यावरची बंदी. पुण्याच्या कॉलेजातला हा मुलगा बोलायचा झकास. भाताच्या खाचरात मात्र त्याने कधी पाय घातला नव्हता.

“तांदूळ त्याचा, डोकं त्याचं, डोक्यावरचं गाठोडं त्याचं. मग वाट तेवढी सरकारची कशी?”

दाराशी भाकऱ्यांची पाटी घेऊन आक्काबाई उभी होती. परिषदेचा स्वयंपाक तिच्याकडे होता. तिने भाषण शेवटपर्यंत ऐकलं. त्या दिवशी भाकऱ्या गार मिळाल्या.

जेवणं उरकल्यावर तिने जयसिंगला चुलीपाशी बोलावलं.

“पोरा, मगाशी बोललास ते मनातलं व्हतं, का नुसतं टाळ्यांसाठी?”

“मनातलं, मावशी.”

“माझी लीला कोथरूडला सासरी बाळंत झालीया. वीस दिस झालं. दूध न्हाई अंगावर. रेशनचा तांदूळ वास मारतोय, घास तोंडात फिरतोय तिच्या. माझ्या खाचरातल्या आंबेमोहराची पेज पोटात गेली तर पोरगी उठंल. पर नाका कसा वलांडायचा? मागल्या साली माझं गाठोडं धरलं. दंड झाला.”

जयसिंगने मनात हिशेब केला. पकडलं तर खटला, कॉलेजात बोभाटा, घरी वडिलांचा मार. पण तासाभरापूर्वीच टेबल हादरवलेलं. आता मागे सरकायला तोंड नव्हतं.

“मी नेतो,” तो म्हणाला.

आक्काबाईने हिरव्या लुगड्याच्या फडक्यात तांदूळ बांधला, वर लाल दोऱ्याची गाठ मारली.

“सकाळच्या पैल्या गाडीनं जा. दाराजवळ बस. गाठोडं मांडीवर घे.”

“मांडीवर? सीटखाली लपवतो की!”

“लपवू नगंस. लपवलं की चोरी दिसतीया.”

काय भोळी माणसं, जयसिंगला वाटलं. त्याने लीलाचा पत्ता विचारला. आक्काबाई जरा घुटमळली, मग म्हणाली, “मारुतीच्या देवळामागं, कडुनिंबाजवळचं घर. पर न्हाईच पोचलं तर जिवाला लावून घेऊ नगंस, लेकरा.”

सकाळी एस.टी. भूगाव सोडून नाक्यावर थांबली. खाकी सदऱ्यातला एक शिपाई वर चढला. चेहरा ओढलेला, डोळे तांबारलेले, सदऱ्याच्या कॉलरवर डाव्या बाजूला काळा डाग. शाई असावी. दिवसभर गरिबांच्या नावाने पावत्या फाडत असेल, जयसिंग मनात म्हणाला.

शिपायाची नजर थेट मांडीवर आली.

“काय हाय?”

“तांदूळ,” जयसिंगच्या तोंडून खरं तेच निघालं.

“खाली उतर.”

रस्त्याच्या कडेला शिपायाने गाठ चाचपली. चौकीतून साहेब बघत होता.

“कुणाचा?”

जयसिंगने नकारार्थी मान हलवली.

“नाव सांग. पावती फाडतो, दंड त्याला.”

“नाही सांगणार. काय करायचं ते मला करा.”

शिपायाने त्याच्याकडे क्षणभर नीट पाहिलं. मग एकदम आवाज चढवून चौकीपर्यंत ऐकू जाईल असा ओरडला, “कॉलेजात हेच शिकवत्यात व्हय? चल, बस गाडीत! परत दिसलास तर आत टाकीन!”

गाठोडं काखेत मारून तो चौकीमागे निघून गेला. गाडी सुटली. जयसिंगच्या पिशवीत भाषणाच्या पहिल्या बक्षिसाचं प्रशस्तिपत्र होतं. ते फाडून खिडकीबाहेर फेकावंसं त्याला वाटलं. एवढं बोलून चार शेर तांदूळ काही पोचवता आला नाही. रात्रभर त्या बाळंतिणीचं त्याला वाईट वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरातल्या डब्यातला रेशनचा तांदूळ पिशवीत घेऊन तो कोथरूडला गेला. आईला सांगितलंही नाही. कडुनिंबाजवळचं घर लगेच सापडलं. दारात एक फिकुटलेली बाई तान्हं खांद्यावर घेऊन उभी होती.

“लीलाताई ना? मी मुळशीहून… तुमच्या आईने तांदूळ दिला होता. नाक्यावर धरला. चूक माझी आहे. सीटखाली लपवायला हवा होता.” त्याने पिशवी पुढे केली. “हा रेशनचा आहे. एवढाच होता.”

लीलाचे डोळे भरून आले.

“आत या. पेज खाऊन जा,” ती म्हणाली. “याला धरा जरा.”

तिने बाळ त्याच्या खांद्यावर दिलं आणि चुलीकडे वळली. बाळाने त्याच्या मानेत तोंड घुसळलं. लीलाने वाडगा पुढे ठेवला. वाफेला वास होता. मुळशीत तीन दिवस चुलीपाशी दरवळत होता तोच. जयसिंग वाडग्याकडे बघतच राहिला.

“अगं बाई, तुमचा पांढरा सदरा!” लीला ओशाळून म्हणाली. “काजळ लागलं की वो कॉलरला. ज्याच्या खांद्यावर जाईल त्याला काळं करतंय हे.”

जयसिंगने मान वळवून आपली कॉलर पाहिली. मग त्याची नजर समोरच्या खुंटीकडे गेली. तिथे एक खाकी सदरा टांगलेला होता, आणि त्याच्या कॉलरवर, डाव्या बाजूला, तसाच काळा डाग होता.