चौथ्या घरची सोयरीक

सनोबरआपाने बारा वर्षं टीव्हीवर सुनांचा छळ केला आणि ते पाप तिच्या सख्ख्या लेकाला भोवलं. त्याच्यासाठी मागणी घालायला गेली, तर ताश्कंदमधल्या तीन घरांनी तिच्याबरोबर हौसेने फोटो काढून घेतले आणि "असल्या सासूच्या हाती पोर द्यायची? छे!" म्हणत नकार कळवला. म्हणून मार्गिलानच्या या चौथ्या घरी तिने बसल्याबसल्याच सांगून टाकलं, "तो सगळा अभिनय हो. घरी मी मुंगीलाही दुखवत नाही. पोरीला फुलासारखी जपेन."

सोयरीक पक्की झाल्याची खूण म्हणून नान मोडायला सरसावलेला मुलीच्या आईचा हात मागे आला. "म्हणजे मालिकेतल्यासारख्या नाही तुम्ही? मग कसं जमायचं, आपा? आमची कार्टी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. तुम्ही वठणीवर आणाल, या भरवशावर तर घरात घेतलं तुम्हाला."

आपाच्या डोळ्यांपुढे चौतिशीतला बिनलग्नाचा लेक आला. पोरीने पुढे केलेल्या पियाल्यातला एक घोट तिने घेतला आणि उरलेला कढत चहा पोरीच्या पायांवर ओतला. "याला चहा म्हणतात होय गं, सटवे?"

पोर कळवळून खाली बसली.

"हां, आत्ता ओळख पटली, आपा!" म्हणत आईने नान मोडला.