वास नाही

नवरा ओकायला बाहेर पळाला आणि ती घरमालकीणबाईंकडे बघून कसनुसं हसली.

"गाडी लागली असेल," बाई म्हणाल्या. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं.

ती श्वास रोखून उभी होती. वास नुसता नाकात शिरत नव्हता, जिभेवर येऊन बसत होता. हाडं, चरबी आणि कधीचं तरी कुजलेलं पाणी एकत्र उकळत ठेवावं तसा. खिडक्यांच्या फटींवर चिकटपट्ट्या मारल्या होत्या. तरी काचेवर आतून तेलकट थर होता आणि तिचं बोट त्याला चिकटलं. धुतलेले कपडे घरातच दोरीवर वाळत होते. फरशी लख्ख, भांडी घासूनपुसून ओळीने लावलेली. एवढ्या टापटिपीच्या घरात ही घाण, याचीच तिला जास्त शिसारी आली.

गावाला लागूनच हाडं उकळून सरस, म्हणजे चिकटवायचा डिंक, बनवायचा कारखाना होता. सोमवारी ती तिथे प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून रुजू होणार होती. मुलाखत शहरातल्या ऑफिसात झाली होती, थंडगार खोलीत, बिस्किटं खात. बिऱ्हाड हलवायचंच तर लहानशा गावात जाऊ, कामावर पायी जाता येईल असं घर घेऊ, ही तिचीच हौस. त्यासाठी नवऱ्याने चांगली चाललेली नोकरी सोडली होती आणि बदल्यात एकच गोष्ट मागितली होती. खिडक्या सताड उघड्या टाकून झोपता येईल असं घर. तिने शब्द दिला होता.

"हा वास नेहमीच असतो का हो?" तिने शेवटी विचारलंच.

"कसला?" बाईंनी विचारलं. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "हां, तो होय! नव्या माणसाला येतो. महिनाभर. मग येईनासा होतो बघा. पूर्वी आम्ही तक्रारी करायचो. दर वेळी शिक्का मारलेला कागद यायचा, तपासणी झाली, वास नाही. पुढे आम्हालाही यायचा बंद झाला. सून माहेरी गेली ती परत आली नाही, तेवढं सोडलं तर त्रास असा काही नाही."

त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. तिने पाणी डोळे मिटून घशाखाली ढकललं.

तेवढ्यात ती आल्याची खबर लागून कारखान्याचा कारकून गाडी घेऊन हजर झाला. नाकाला रुमाल आणि रुमालाला अत्तर. "मॅडम, आधी मला फोन नाही का करायचा? इथे आपले लोक राहत नाहीत."

आपले लोक कारखान्याच्या दुसऱ्या अंगाला, चढावरच्या गावात राहत होते. वारा बाराही महिने तिथून निघून कारखान्यावरून खालच्या गावात उतरायचा. कारकुनाने दाखवलेल्या घराला मागे व्हरांडा होता, त्यावर जाईचा वेल. नवऱ्याने एकेक खिडकी धाडकन उघडली आणि छाती भरून श्वास घेतला. तासाभरात पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर रंग आला.

"हेच! आता पुढे काही बघायचं नाही," तो म्हणाला. तिलाही हायसं वाटलं. दिलेला शब्द पाळला गेला होता.

व्हरांड्यातल्या खिळ्याला एक वही टांगली होती, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीसकट. खाली कोनाड्यात तशाच वीसेक वह्या रचलेल्या. तिने सहज चाळल्या. रोजची तारीख आणि पुढे दोन शब्द. वास नाही. वास नाही. वास नाही. अक्षरं पाच जणांची, शब्द तेच. एका रसिकाने तर जाईचा मंद सुगंध म्हणून लिहिलं होतं.

"हे तुमचंच काम, मॅडम," कारकून म्हणाला. "प्रयोगशाळेच्या प्रमुखाने रोज सकाळी, चहाच्या आधी, राहत्या घराची खिडकी उघडून वास घ्यायचा आणि नोंद करायची. सरकारी नियम आहे. कुणी तक्रार केली की यातली नक्कल पाठवतो."

"राहत्या घराची?"

"नियमात एवढंच आहे. घर कुठल्या गावात घ्यायचं ते प्रमुखाच्या मर्जीवर." तो अभिमानाने हसला. "पण एकही नोंद खोटी नाही बरं का. तसले प्रकार आपल्याकडे चालत नाहीत."

ते खरंच होतं. पाचही जण इमानेइतबारे खरं तेच लिहून गेले होते. खालच्या घरात आली नव्हती एवढी मळमळ तिला या स्वच्छ हवेत आली. कारकुनाच्या अत्तराची, जाईच्या वेलाची आणि मघाशी आपल्याला हायसं वाटलं याचीही तिला किळस आली.

तिने खिळ्यावरची वही काढली. "गाडी वळवा. पहिल्या घरी जायचंय."

कारकुनाचं हसू जागच्या जागी विरलं. नवरा खिडकीतून वळला. वही, कोनाडा, तिचा चेहरा, एवढं बघितल्यावर त्याला समजावून सांगायची गरज उरली नाही.

"अगं, तू शब्द दिला होतास मला," तो म्हणाला.

"दिला होता. तू नको येऊस. तू शहरात थांब."

मग त्याने उघडलेल्या खिडक्या एकेक करून लावायला घेतल्या. शेवटची लावताना त्याने विचारलं, "आणि किती दिवस राहणार आहेस त्या घाणीत?"

"महिनाभर," ती म्हणाली. "त्यानंतर मीही वास नाही असंच लिहायला लागेन. आणि तेही खरंच असेल."